रात्रीची वैरण

मार्गशीर्ष नुकता लागला होता. सकाळची दुधाची वेळ. शेजारच्या मळ्यातले आबा गाडी बंद न करताच फाटकापाशी थांबले, गोठ्याकडे मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाले, "नाना, घोडी वाळी गयी ना भो!" एवढं बोलून निघूनही गेले. नाना म्हणजे माझे सासरे. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली, गोठ्यातल्या आमच्या घोडीकडे, लाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बोलले काहीच नाहीत, आणि मला तेच जास्त लागलं. खरारा, लीद, नालबंदाला बोलावणं हे सगळं घोडी सांभाळणाऱ्या चाचांकडे. पण दाणा भिजतो तो माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या पातेल्यात. घरातलं माणूस असो की जनावर, वाळलं की बोट आधी चुलीकडे वळतं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा आजीनं उंबऱ्यातच माझं मनगट चाचपून "वाळलीस गं" म्हटलं होतं. त्यात माझी काळजी किती आणि सासरवर ठपका किती, हे तेव्हाही कळलं होतं. आणि सासरी आल्यावर कुणी "सूनबाईनं अंग धरलं हो" म्हणालं की सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं, त्याचा माझ्या तब्येतीशी फारसा संबंध नव्हता. एखाद्याच्या अंगावरचं मूठभर मांस म्हणजे अख्ख्या घराचं प्रमाणपत्र. आता ते प्रमाणपत्र आमच्या गोठ्यात चार पायांवर उभं होतं आणि खात नव्हतं.

लाडी मारवाडी जातीची, कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकणारी. नानांनी ती सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घेतली तेव्हा तिची रेवाल चाल, म्हणजे स्वाराला हिसका न देणारी चाल, बघून घेतली, गळ्यावरचा देवमण नावाचा शुभ भोवरा बघितला, अंगावरचे बाकी भोवरे मोजले, दात बघितले. खाण्याची रीत मात्र कुणी विचारली नाही. ही खाण्याच्या बाबतीत अशी चोखंदळ की बघत राहावं. गव्हाणीत हरभरा, कोंडा आणि वर औषधाची पूड कालवून ठेवली, तर तांदूळ निवडणाऱ्या बाईसारखी वरच्या ओठानं एकेक दाणा वेगळा काढते. ओठ थरथरतो, कोंडा बाजूला होतो, हरभरा आत जातो. शेवटी गव्हाणीच्या तळाला पुडीतली पूड जशीच्या तशी, वर तिच्या श्वासानं ओलसर झालेली. आदल्या दिवशीचं थोडं जरी कोपऱ्यात आंबलेलं राहिलं तर नवीन दाण्याला तोंडच लावत नाही. फुर्र करून मान उचलते आणि दुसरीकडे बघत उभी राहते. या अंगाला मेंढ्या घेऊन येणाऱ्या ठेलारींच्या तट्टांचं मला फार कौतुक वाटतं ते यामुळे. पाठीवर अख्खा संसार, त्यावर कोंबडी बांधलेली, आणि वाटेत बांधावर जे दिसेल ते कचाकच खात चाललेली. आमच्या बाईसाहेबांना भिजलेला हरभरासुद्धा त्याच दिवशीचा लागतो.

आबांचं वाक्य गावभर पसरायला वेळ लागला नाही, आणि मग ज्याचा त्याचा सल्ला सुरू झाला. गूळ द्या. बाजरी उकडून द्या. जवस शिजवून द्या, पण कच्चं देऊ नका (हे अगदी बरोबर, कच्च्या जवसात विषारी अंश असतो, म्हणूनच जुनी माणसं ते रटरटा शिजवायची). बत्तिसा चूर्ण द्या. सुंठ, ओवा, काळं मीठ आणि हळदीचा मसाला द्या. नानांच्या एका मित्राचा भर तुपावर. "पाव किलो तूप रोज, आणि वर बदाम," असं ते फोनवर सांगत होते तेव्हा मी मुद्दाम भांडी आपटली. चाचांच्या भाच्यानं म्हशीची गोळी पेंड सुचवली, कारण त्याची म्हैस त्यावर कशी टुमटुमीत झाली होती ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. तेवढ्यापुरती मी पाय रोवून उभी राहिले आणि जनावरांच्या डॉक्टर मॅडमना फोन लावला. त्यांनी पलीकडून असा काही आवाज काढला की पेंडीचं पोतं त्याच पावली परत गेलं. गुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गुरांना ते मानवतं. घोड्याच्या काळजाच्या स्नायूंवरच ते घाव घालतं आणि थोडंसंही जिवावर बेतू शकतं. एका गोठ्यात शेजारी शेजारी बांधलेली जनावरं, पण एकीचं पथ्य ते दुसरीचं मरण.

मॅडम आल्या त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा पिशवीतून औषध काढलं नाही. हात पुढे केला. थंडीत घोड्याचे केस दाट होतात आणि फासळ्या झाकतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यानं बघून काही कळत नाही, बोटं फिरवावी लागतात, म्हणाल्या. मग मला मूठ वळायला लावली आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवायला सांगितली. फासळ्या अशा लागल्या तर घोडं वाळलंय. हात उघडा करून मागच्या बाजूवरून बोटं फिरवली, हाडं लागतात पण टोचत नाहीत, तसं लागलं तर उत्तम. आणि तळहातावरून फिरवल्यावर जसं मऊ लागतं तसं लागलं तर घोडं माजलंय. टेक्सासमधल्या हेनेके नावाच्या माणसानं १९८३ साली घोड्याच्या अंगाला १ ते ९ असे गुण द्यायची पद्धत बसवली, १ म्हणजे नुसता सांगाडा, ९ म्हणजे अतिलठ्ठ. मान, खांद्यामागचा भाग, फासळ्या, कंबर, शेपटीचं मूळ असं सगळं चाचपून. मॅडमनी लाडीला ४ दिले. म्हणजे आबा म्हणतात तशी वाळकी नव्हे, पण उतरणीला लागलेली. मला त्या ४ गुणांचा आनंद झाला, आणि असा आनंद व्हावा याची थोडी लाजही वाटली.

मग शिवणाच्या डब्यातली टेप आली. छातीचा घेर १६५ सेंटिमीटर, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी १५० सेंटिमीटर. घेराचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर ३४४ किलोच्या आसपास. नाना हिशेब बघत उभे होते. घोड्याचं वजन टेपेनं कळतं हे त्यांना पटत नव्हतं, पण आकडा मात्र त्यांनी कॅलेंडरवर एकादशीच्या चौकटीत लिहून ठेवला. एवढ्या वजनाच्या घोड्याला दिवसाला सात किलोच्या आसपास तरी सुकी वैरण पोटात जायला हवी, अंग भरायचं असेल तर त्याहून जास्त. आम्ही वैरण पेंढ्यांत मोजत होतो, आणि पेंढी बांधणाऱ्याच्या मुठीवर असते. ताणकाट्याला लावल्यावर कळलं की यंदाची पेंढी बरीच हलकी आहे.

दाणा वाढवा, हे तर सगळेच म्हणत होते. मॅडम म्हणाल्या, दाणा आहे तेवढाच ठेवा, गवत वाढवा. घोड्याचं पोट त्याच्या देहाच्या मानानं फारच लहान, आठ ते पंधरा लिटरचं. त्यात एका वेळी पाटीभर दाणा कोंबला तर पुरता न पचताच पुढे सरकतो आणि पोटदुखी उभी राहते. घोड्याला तर ओकताही येत नाही. खरी भट्टी असते मागच्या बाजूला, मोठ्या आतड्यात. तिथे गवताचा चोथा आंबतो आणि आंबताना ऊब तयार होते. म्हणजे थंडीच्या रात्री लाडीला आतून शेकायचं असेल तर ते काम हरभऱ्यापेक्षा काडी जास्त चांगलं करते. हे ऐकून नानांचा चेहरा उतरला. तूप, बदाम, मसाला यांत एक रुबाब आहे. आल्यागेल्याला सांगता येतं. दरवर्षी बाजाराच्या दिवसांत कुठल्यातरी कोटभर किमतीच्या घोड्याची बातमी येते, तो रोज किती लिटर दूध पितो आणि किती तूप खातो याची. तो किती गवत खातो हे कुणी छापत नाही.

चव मात्र शोधावी लागलीच. २००५ साली इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी तबेल्यातल्या घोड्यांपुढे वेगवेगळ्या वासांचं खाद्य ठेवून त्यांची आवड पाहिली होती, आणि पहिला नंबर आला मेथीचा. दुसरं केळं. पुढे जिरं आणि गाजरही होतं. हे वाचून मी मोठ्यानं हसले. मेथी, केळी, जिरं! इंग्लंडच्या घोड्यांनी जणू खानदेशचा आठवडी बाजार फिरून यादी केली होती. लाडीनं केळं हुंगलं आणि सोडलं. तिच्या मते ते सालीसकट शेळीचं खाणं आहे. मेथीचे दाणे कोरडे भाजून, जाडसर कुटून कोंड्यात टाकले तेव्हा मात्र ओठ थांबला. नाकपुड्या रुंद झाल्या. वरचा ओठ नाकावर दुमडून, मान ताठ करून ती हवेत काहीतरी वाचत राहिली, आणि मग गव्हाणीत तोंड घातलं ते पूड निवडायची विसरूनच. गूळ मात्र तिला आजतागायत आवडत नाही. गुळाला नाही म्हणणारी घोडी मी दुसरी बघितलेली नाही.

तरी दुपारी गव्हाणीखाली काहीतरी पडलेलं सापडायचंच. चाचांनी एकदा ते उचलून मला दाखवलं. गवताचे ओलसर बोळे, बोटभर लांब, अर्धवट चावलेले, हिरवट लाळेनं चिकटलेले. "वहिनी, ही टाकत नाही. हिच्यानं चावलंच जात नाही," ते म्हणाले. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि घासत राहतात. वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड धारदार होते, गालाला आणि जिभेला टोचते. मॅडमनी जबड्यात पकड बसवली, लांब दांड्याची कानस आत घातली आणि घासायला सुरुवात केली. तो आवाज माझ्या स्वतःच्या दातांत शिरला. हवेत जळक्या हाडाचा वास. लाडी गुंगीत, खालचा ओठ लोंबलेला, डोळे अर्धे मिटलेले. एरवी माशी बसली तरी सगळं अंग थरथरवणारी ही घोडी अशी निमूट उभी राहिलेली मला बघवली नाही. नाना तिच्या कपाळावर तळवा ठेवून उभे होते. त्यांची स्वतःची कवळी डबीत असते, लग्नाकार्याला निघते, हे इथे लिहिलं तर रागावतील.

राहिली रात्र.

थंडीतली रात्र आपल्याकडेही तेरा तासांची होते. आमच्या घरी शेवटची वैरण पडायची दिवेलागणीला, आणि पुढची पहाटे चाचा आल्यावर. लाडी दिलेलं गवत तास-दोन तासांत संपवायची आणि मग उरलेली रात्र रिकाम्या गव्हाणीपुढे उभी. घोडा मोकळा असला तर दिवसरात्र मिळून पंधरा-सोळा तास चरतो. त्याच्या पोटात आम्ल अखंड पाझरत असतं, खाणं असो-नसो. आणि त्याला शमवणारी लाळ सुटते ती फक्त चावताना. म्हणजे रिकामं तोंड हीच घोड्याची मोठी आपदा. पोटात जखमा होतात आणि मग सकाळी दाणा समोर आला की भूक असून खाववत नाही. आपण म्हणतो, नखरे करते.

नानांना रात्री झोप नसते. सासूबाई गेल्यापासून तर नाहीच. दहाला, मग पुन्हा एक-दीडच्या सुमाराला, ते घोंगडी पांघरून बॅटरी घेऊन गोठ्यात जायला लागले. मोकळं वाळलं गवत टाकलं की ती भसाभस ओढते, म्हणून चाचांनी जुन्या सुताच्या दोरीची बारीक जाळी विणून दिली. त्यातून काडी काडीच निघते. मी एकदा मागून गेले. अंधारात चावण्याचा तो आवाज, करकर, करकर, मध्ये एक लांब श्वास, पुन्हा करकर. नाना पिंपावर बसलेले. मला म्हणाले, "शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या लष्कराला काय लिहिलं होतं, आठवतं?" त्या पत्रातलं भाजीच्या देठाचं वाक्य सगळ्यांना पाठ आहे, भाषणात वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. पण पत्र मुळात आहे घोड्यांच्या दाणावैरणीचं. साठवलेलं आताच मनाला येईल तसं उधळाल तर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असं त्यात बजावलंय. आणि पुढे दिव्याबद्दल आहे. उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल. कुणी तंबाखूसाठी विस्तव घेईल, याचीही काळजी आहे. एवढ्या मोठ्या माणसानं उंदराचा विचार केला याचं नानांना भारी अप्रूप. चाचांची विडी त्यांनी गोठ्यापासून पन्नास पावलांवर हद्दपार केली आहे ती याच पत्राच्या आधारानं, आणि चाचा ती आज्ञा हसत हसत पाळतात.

पाण्याचं मात्र श्रेय माझं. सकाळी सिमेंटच्या हौदातलं पाणी इतकं गार असतं की लाडी ओठ टेकवून मागे घ्यायची. पाणी कमी, सुकं गवत जास्त, म्हणजे आतड्यात बोळा बसून पोटदुखीला आमंत्रण. म्हणून अंघोळीच्या बंबातली एक बादली तिची. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं की ती बादलीचा तळ हुंगेपर्यंत पिते, आणि गिळताना मानेखालून एकेक घोट वर जाताना दिसतो. घरातल्या मुलांना त्यामुळे अंघोळीला थांबावं लागतं. त्याची तक्रार माझ्याकडे आली आहे, निकाल लावलेला नाही.

हे सगळं करूनही मला वाटतं की एक गोष्ट आम्ही सगळे टाळत होतो. दिवाळीत नानांनी दुसरी घोडी विकली. म्हातारी होती, शांत होती, चांगल्या घरी गेली. पैशांची गरज होती आणि त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण या दोघी एकाच छपराखाली, एकमेकींना दिसतील अशा बांधलेल्या असायच्या. म्हातारी खायला लागली की लाडी खायची. म्हातारी मान वर करून ऐकायला लागली की लाडीही ऐकायची. घोडा कळपातला जीव. एकटा असला की एक कान सतत पहाऱ्यावर, आणि पहाऱ्यावरचा जीव जेवत नाही. आबांनी ज्या सकाळी ते वाक्य टाकलं तेव्हा म्हातारी जाऊन जेमतेम महिना झाला होता. त्यांनी बघितलं होतं ते वाळणं कदाचित माझ्या पातेल्यातलं नव्हतंच. हा विचार मनात आला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच वाईटही. कारण पातेल्यातला दोष मेथीनं निघतो, याचं काय करायचं. चाचांनी आपल्या घरची एक पाठ आणून बांधली. शेळी ती, तिला घोड्याच्या मोठेपणाचं काही नाही. पहिल्याच दिवशी गव्हाणीत दोन पाय टाकून उभी राहिली. लाडीनं कान मागे पाडले, दात दाखवले, आणि मग दोघी खायला लागल्या. स्पर्धा म्हणा, सोबत म्हणा.

दत्तजयंतीला नाना सारंगखेड्याला गेले, लाडीला न घेता. आदल्या रात्रीपर्यंत त्यांचं चाललं होतं, नुसती दाखवायला नेतो. तापीच्या काठावर त्या दिवसांत उभ्या असलेल्या घोड्यांकडे बघितलं की डोळे दिपतात, हे खरंच. पांढरे नुकरे, दुरंगी अबलख, अंगावर हात ठेवला तर घसरेल अशी तुकतुकी. पण त्यातली कितीतरी जनावरं आठवडेच्या आठवडे अगाडी-पिछाडीत, म्हणजे पुढून-मागून दोरानं बांधून, ठाणावर उभी करून, दाणा चारून गोल केलेली असतात, कारण गिऱ्हाइकाला गोल आवडतं. तळहातासारखी मऊ कूस. पुढे खुरांना सूज येते ती नव्या मालकाच्या घरी. मी एवढंच म्हटलं की तिला आता कुठे रात्रीचं खायची सवय लागतेय. नाना काही वेळ गप्प बसले, मग टोपी झटकली आणि एकटेच गेले.

संक्रांतीनंतर टेप पुन्हा निघाली. घेर १६८. हिशेबानं बारा-तेरा किलोची भर. नानांनी तो आकडा कॅलेंडरवर लिहिला आणि पाठोपाठ म्हणाले, "शेळी काय कामाची, हिला जोडीला एक घोडी घेतली पाहिजे. एका ठिकाणी बघून ठेवली आहे. मग बघ ही कशी खाते."

"आणि तिनं नाही खाल्लं तर?" मी विचारलं.

"तुझ्याकडे मेथी आहे ना," नाना म्हणाले, आणि कडब्याचा भाव विचारायला फोन लावायला घेतला.